जवळच्या फोटोची खूण

माझा थोरला भाऊ भिवाजी जैनथच्या बसस्टँडसमोर फोटो काढायचा. दुकान म्हणजे एक टीनाचं खोलीवजा खोकं, मागे निळा पडदा, पुढे बाकडं. फोटो काढताना डोळे मिटणारी माणसं आणि त्याच्या चष्म्याबद्दल बोलणारी माणसं, या दोघांचा त्याला भयंकर राग. पहिल्यांना तो पुन्हा उभं करायचा आणि दुसरा फोटो काढायचा. दुसऱ्यांशी मात्र त्याचं बोलणंच बंद व्हायचं. मी सख्खी बहीण, तरी माझ्याशीही एकदा अख्खा पावसाळा बोलला नाही.

चष्मा त्याला लहानपणीच लागला. आमचा बाप सुधाकररावांच्या वाडीत राबायचा. पोराला गाय आणि म्हैस लांबून वेगळी ओळखू येत नाही, हे त्यालाच आधी कळलं. मग आदिलाबादहून चष्मा आणला आणि तो दरवर्षी जाड होत गेला. असा मुलगा फोटोच्या धंद्यात कसा शिरला, असं लोक विचारायचे. मी म्हणते, ज्याला दिसत नाही त्यालाच पाहायची हौस जास्त. दहावीत गणितात आपटल्यावर तो आदिलाबादला एका तेलुगू फोटोग्राफरकडे राहिला. फोटो धुण्यापासून सुरुवात केली. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून देवीचे वण आणि सुरकुत्या घालवायचं काम तिथंच शिकला. त्यात त्याचा हात फार सफाईचा होता.

त्याचा पहिला कॅमेरा दोन भिंगांचा, पोटाशी धरायचा. वरचं झाकण उघडलं की आत एक पांढुरकी काच, आणि समोरचं माणूस त्या काचेवर उमटलेलं. वरून वाकून पाहायचं आणि खटका दाबायचा. चष्मा नाकावर, कॅमेरा पोटावर, दोघांची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. मान खाली घालून तो फोटो काढायचा, आणि हे मोठ्या घरच्या लग्नांत लोकांना फार आवडायचं. सुधाकरराव तर चारचौघांत म्हणायचे, "भिवाजी नेक माणूस हाय, मान खाली घालून काम करते." ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दादाला त्याचं काहीच वाटत नसे. काचेवर माणूस नीट आलं की तो खूश.

मग रंगीत फोटो आले. नव्वद सालच्या आसपास आमच्या भागात अशी हवा झाली की काळापांढरा फोटो म्हणजे मयताचा फोटो. लग्नाला रंगीतच पाहिजे. जुन्या कॅमेऱ्यासाठी रंगीत रीळ सहज मिळेना, लॅबवाले धुवून देईनात. दादानं यवतमाळहून एक जुना, डोळ्याला लावायचा कॅमेरा आणला. त्याच दिवशी त्याच्या पोटावर पाय आला असं मी म्हणते, पण ते कळायला आम्हाला वेळ लागला.

त्या कॅमेऱ्याची रचना सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. भिंगाच्या वर एक बारीक खिडकी असते, तिच्यातून पाहायचं. आता खिडकी वर आणि भिंग खाली, म्हणजे दोघांना दिसतं त्यात थोडा फरक पडतो. माणूस लांब असेल तर तो कळत नाही. जवळून फोटो काढला की खिडकीतून चेहरा दिसतो आणि भिंग मात्र गळा आणि छाती टिपतं. त्यासाठी खिडकीत वरच्या कडेपासून थोडी खाली एक पिवळी खूण असते. जवळच्या माणसाचं डोकं त्या खुणेच्या खाली ठेवलं की ते फोटोत येतं. इतकं सोपं आहे. पण कडा आणि खूण दिसायला डोळा खिडकीला अगदी चिकटलेला पाहिजे. चष्मा घातलेला डोळा बोटभर मागे राहतो. मग मधलं तेवढं दिसतं, कुलपाच्या भोकातून घरात पाहावं तसं. चष्मा काढला तर खूण अंधूक का होईना सापडायची, पण समोर माणूस उभं आहे का ज्वारीची पेंडी, ते दादाला कळत नसे. म्हणजे खूण पाहायची तर माणूस नाही, माणूस पाहायचं तर खूण नाही.

त्यानं काय काय केलं नाही? चष्म्याला दोरी बांधली आणि कपाळावर सरकवायचा, पुन्हा खाली ओढायचा. बारीक काचांची फ्रेम करून आणली. खिडकीची धातूची कड घासून चष्म्याच्या काचेवर चरे पडले, म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर कापून कडेला चिकटवलं. कॅमेरा धरून मान वर, खाली, डावीकडे, उजवीकडे करायचा आणि एकेक कोपरा वेगवेगळा पाहून मनात जोडायचा. मे महिन्यात आमच्याकडे ऊन काय असतं ते सांगायला नको. घामानं काचा धुरकटायच्या. नवरा-नवरी हार घेऊन ताटकळत, आणि हा आपला मान फिरवतोय. लोक हसायचे.

हसले ते परवडलं. एका लग्नात नवऱ्याच्या मामाचं डोकं गेलं. मामा एवढा रुसला की जणू ते खरोखरच गेलं होतं. पोरांनी दादाचं नाव मुंडीकाप्या ठेवलं. मी त्याला म्हटलं, "दादा, लोकांले एकदाचं सांगून टाक, चष्म्यानं याच्यातून नीट दिसत नाही. दुरून काढतो म्हण."

"फोटोवाल्याले दिसत नाही असं सांगू?" तो म्हणाला. "आन मंग काय करू? दुकानाले कुलूप लावून कापूस वेचाले जाऊ?"

बापाला आयुष्यभर वाकून राबताना त्यानं पाहिलं होतं. त्याला ती भीती होती. मला ती कळत होती, तरी त्याच्या हट्टाचा संताप यायचा. डोकी कापलेले फोटो द्यायची वेळ आली की तो ठरलेलं सांगायचा: लॅबवाल्यानं छापताना कापलं, निगेटिव्हमध्ये पुरं आहे. लोकांना त्यातलं काय कळतं? ऐकून घ्यायचे.

आता मनकर्णेचं सांगते. आमच्याच वस्तीतल्या देवकाबाईची ही थोरली मुलगी. तिचं लग्न भीमपूरकडच्या चंपतशी झालं. चंपत ट्रॅक्टर चालवायचा, गरीब स्वभावाचा, बोलायला लागला की आधी खाली पाहणारा. त्या लग्नाला मी नव्हते, शाळेतल्या परीक्षांची ड्यूटी होती. पण पुढे ते मी इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं आहे. पांढरी साडी, भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर वंदना, मग हार. आमच्याकडे नवरी लग्नात मान वर करत नाही. केली तर चार बाया चार दिवस तेच बोलतात. त्यामुळे साऱ्या फोटोंत मनकर्णेचा भांग आणि पदर तेवढा दिसतो. शेवटी देवकाबाई म्हणाली, पोरगी आता परक्या गावी जाणार, हिचा एक फोटो जवळून काढा, तोंड दिसलं पाहिजे. दादानं तिला मांडवाच्या खांबाशी उभं केलं आणि मान वर कर म्हणाला. बराच वेळ तो कॅमेरा धरून उभा होता. ती हसली, आणि त्यानं खटका दाबला.

फोटो धुवून आला. त्यात गळ्यातला हार, हनुवटी, हसलेले ओठ आणि नाकाचा शेंडा. त्याच्यावर काही नाही.

दादानं तो चंपतच्या हातात देताना नेहमीचंच सांगितलं: लॅबवाल्यानं कापला, डोळे निगेटिव्हमध्ये आहेत, सवडीनं काढून देईन. चंपत म्हणाला, सवडीनं द्या. ती काय, घरीच आहे.

त्याच वर्षी कापूस वेचताना मनकर्णेला पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. ऑटोत घालून आदिलाबादला नेत होते, ती वाटेतच गेली. आमच्या वस्तीत त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत. देवकाबाईला मी सावरायला गेले आणि मीच रडत बसले. एकोणीस-वीस वर्षांची पोर होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी चंपत दुकानात आला. मी शाळेतून घरी जाताना दादाकडे चहाला थांबायची, तशी थांबले होते. चंपतनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो फोटो काढला आणि काउंटरवर ठेवला.

"दादा, तुमी म्हणलं होतं, डोये निगेटिवमंदी हायत," तो म्हणाला. "आता काढून द्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला हाय. तिचा दुसरा फोटोच नाही. अर्ध्या तोंडाले हार कसा घालू?"

मी दादाकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता बोल. आता तरी बोल. त्याच्या तोंडातून आलं, "होऊन जाईन."

चंपत गेल्यावर मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "आशे, त्याचं तोंड पाह्यलं तू? त्याले कसं सांगू?"

"सांगाचं होतं तवा तुह्या तोंडाले कुलूप होतं," मी म्हटलं, "आन आता त्यानं आस लावली तवा होऊन जाईन म्हणतो."

दुसऱ्या दिवशी तो निगेटिव्ह घेऊन आदिलाबादला लॅबमध्ये गेला. आपणच रचलेलं खोटं, तरी त्यात थोडं खरं निघेल अशी त्याला आशा वाटू लागली होती. माणूस बुडायला लागला की असंच करतो. लॅबवाल्यानं भिंग लावून पाहिलं, ट्यूबलाइटसमोर धरून पाहिलं. "लेदु, नहीं है," तो म्हणाला, "जितना है उतना ही है, भिवाजी." दादानं स्वतः भिंग घेतलं आणि नाकाच्या शेंड्यावरची ती कोरी कड पाहत बसला. तिथल्या पोराकडून हे मला नंतर कळलं. तो घरी आला तेव्हा ताप भरला होता.

ताप उतरल्यावर त्याला ते सुचलं. मनकर्णेची धाकटी बहीण भागी. दोघी इतक्या सारख्या की विहिरीवर बाया एकीला दुसरीच्या नावानं हाक मारायच्या. दादानं देवकाबाईला सांगितलं, फोटो दुरुस्त करायला भागीचे डोळे पाहिजेत. त्या माउलीला काय, लेकीचा चेहरा भिंतीवर दिसला पाहिजे. ती भागीला घेऊन आली. दादानं कपाटातून जुना पोटावरचा कॅमेरा काढला, राहिलेलं एक काळंपांढरं रीळ घातलं आणि भागीला निळ्या पडद्यासमोर बसवलं. वरून वाकून पाहिलं, अख्खा चेहरा काचेवर उमटला. पोरगी बहिणीच्या आठवणीनं डबडबली होती. डोळे पाण्यासकट फोटोत आले.

मग त्यानं मनकर्णेच्या फोटोची काळीपांढरी नक्कल केली, ब्लेडनं दोन्ही कापले, सांधले, पेन्सिलीनं सांधा बुजवला, त्याचा पुन्हा फोटो काढला आणि त्यावर हातानं हलके रंग भरले. दुकान बंद ठेवून हेच करत होता. वहिनी जेवायला हाक मारायची, तो यायचा नाही. काम झाल्यावर मला दाखवलं. पांढऱ्या साडीत मनकर्णा हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. ओठ लग्नातले आणि डोळे मयतीतले. मी म्हटलं, चांगला झाला. दुसरं काय म्हणणार?

कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो. टेबलावर पांढरं वस्त्र, मेणबत्त्या, तसबिरी आणि त्यांच्या खाली मनकर्णेचा फोटो. वंदना झाली, हार घातला. देवकाबाई फोटोला छातीशी धरून मोठ्यानं रडली. बाया म्हणाल्या, हुबेहूब. दादा सगळ्यांच्या मागे, गोठ्याच्या कुडाला टेकून उभा होता. चंपत फोटोकडे लांबूनच पाहत होता. जवळ काही गेला नाही.

त्यानंतर दादा शांत झाला असं मला वाटलं. त्याचा जुना चष्मा एक दिवस पडून फुटला. त्या काचेचा एक तुकडा त्यानं दगडावर घासून गोल केला आणि खिडकीच्या मागे रबरात बसवला. मग स्वतःचा चष्मा काढला आणि नुसता डोळा लावला. सगळं दिसलं. माणूस साफ, चारही कडा साफ, पिवळी खूण साफ. इतकी वर्षं मान फिरवून जे जमलं नाही ते एका फुटक्या काचेनं केलं. त्यानं मला बाकड्यावर बसवून पुन्हा पुन्हा पाहिलं. "आशे, तुह्या मांगचा खिळा बी दिसून राह्यला," तो म्हणाला. किती दिवसांनी मी त्याला हसताना पाहत होते. हे आधी का सुचलं नाही, असं माझ्या तोंडावर आलं होतं, मी गिळलं.

त्याच दुपारी भीमपूरच्या बसमधून चंपत उतरला.

तो बाकड्याच्या टोकाला बसला. दादानं चहा मागवला. चंपतनं कप हातात घेतला आणि प्यायला नाही.

"दादा, थे डोये भागीचे हायत ना?"

दादानं हळूच मान हलवली.

"मी भांडाले नाही आलो," चंपत म्हणाला. "तुमी माह्यासाठीच केलं. पण आता डोये मिटले का तेच दिसतात. भागी समोरून आली तं वाटते फोटोच चालत येऊन राह्यला. मनकर्णेचे येतच नाहीत. सासू म्हणते, भागीसारखेच होते. सारे तेच म्हणतात. नव्हते, दादा. काईतरी येगळं होतं. काय होतं थे आठवून नाही राह्यलं."

मला वाटलं उठून जावं. तो आपल्याच नादात बोलत होता.

"आमचं घर माणसाईनं भरेल. दिवसा तिच्याकडं पाहाची सोय नव्हती, बाबा ओसरीवर बसेल राहे. राती दिवा नव्हता. मी म्हणो, पाहू कवातरी निवांत. घरीच हाय." त्यानं कप खाली ठेवला. "तुमी पाह्यलं हाय तिले. तिनंच सांगतलं होतं मले. म्हणे, फोटोवाल्या भाऊनं लय वेळ पाह्यलं माह्याकडं. इतका वेळ कोणीच कधी पाह्यलं नाही म्हणे. म्हणून मले हासू आलं." तो पहिल्यांदाच दादाच्या तोंडाकडे नीट पाहत म्हणाला, "तुमी सांगा ना, कसे होते."

काहीतरी सांग रे बाबा, असं मी मनात म्हणत होते. टपोरे होते म्हण. घारे होते म्हण. तुझं काय जातं? इतक्यांदा खोटं बोललास, हे एक बोल. मी खरंच हात जोडायची बाकी होते.

दादानं चष्मा नाकावर चढवला, काढला, हातात धरून बसला.

"चंपत, लॅबवाल्यानं काई कापलं नाही," तो म्हणाला. "मले चष्म्यानं खिडकीतून पुरं दिसत नाही. तिथं एक पिवळी खूण राह्यते. डोकं तिच्या खालतं ठेवा लागते. मी थे खूण शोधून राह्यलो होतो."

"लय वेळ?"

"लय वेळ."

"मंग तिच्याकडं?"

"नाही पाह्यलं," दादा म्हणाला. "माह्या डोयासमोरच होती. मी नाही पाह्यलं."

चंपत रडला नाही, रागावलाही नाही. रागावला असता तर दादाला बरं वाटलं असतं, मलाही. बसच्या कंडक्टरनं शिटी वाजवली तसा तो उठला आणि पिशवी खांद्याला लावली.

"बरं झालं," तो म्हणाला, "तिले मालूम नाही पडलं." आणि बसकडे चालू लागला.